उकंडाचं पुस्तक

बाभुळगाव
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

धम्मरत्नने माझ्याकडे एक पुस्तक मागितलं आहे आणि ते पुस्तक कधी छापलंच गेलेलं नाही. हे फक्त मला माहीत आहे. कोणाला सांगता येत नाही आणि मनात ठेवलं तर दुसरं काम सुचत नाही, म्हणून ही वही काढली.

यजमानांना, सदाशिवरावांना, सांगण्यात अर्थ नाही. माणसाने अडतीस वर्षं पोस्टात नोकरी केली, लोकांची बंद पाकिटं इमानाने पोचवली, पण स्वतःच्या पोटात एक गोष्ट सकाळच्या फिरण्यापर्यंत टिकत नाही.

धम्मरत्न माझा धाकटा भाऊ. नागपूरला असतो, कवी म्हणून त्याचं नाव आहे. आता त्रेसष्टाव्या वर्षी त्याने आमच्या लहानपणाचं पुस्तक लिहिलं आहे: राजूरची कोळसा खाण, तिथली कामगारांच्या खोल्यांची लाईन, आमचे आईबाबा, शाळा. वीस तारखेला ते छापायला जाणार आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर मिळणार. सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, बाबांची पेटी तुझ्याकडंच आहे न? त्यातलं उकंडाचं पुस्तक काढ. लेखक, प्रकाशक, साल, एवढंच पाहिजे. प्रकाशनातली पोरगी तळटीप मागून राह्यली."

"कोणतं उकंडाचं?"

"काय व ताई! तूच तं वाचून दाखवत होती."

"पाहते," मी म्हणाले.

छत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका होते. "पाहते" म्हणजे "टाळते" हे मी मुलींच्या तोंडून ऐकताच ओळखत असे.

मंगळवार, २ सप्टेंबर

काय घडलं ते एकदा नीट लिहून काढते.

बाबा, म्हणजे देवराव नगराळे, खाणीत टोपली भरत. अक्षर ओळखीचं नव्हतं. छप्पन्न साली त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, सत्तावन्नला मी झाले. दर दसऱ्याला ते लाईनीतल्या लोकांबरोबर ट्रकने दीक्षाभूमीला जात आणि येताना एक पुस्तक आणत. बाकी लोक चिवडा आणि फुगे आणत, आमच्याकडे पुस्तक येई. ते मळू नये म्हणून बाबा दुकानावरच त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून घेत.

अडुसष्ट साली मी अकरा वर्षांची होते. बाबांनी दुकानदाराला "आपल्या लोकांचं पुस्तक द्या" म्हणून सांगितलं. गर्दी एवढी, की त्याच्या हाताला लागलं ते त्याने दिलं. पुढच्या रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर आमच्या खोलीसमोर पोती अंथरली. तीस-पस्तीस माणसं बसली. "माही पोरगी वाचते, ऐका," बाबा म्हणाले.

मी पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य होतं: "कोंबड्यांच्या खुराड्याची जागा उंचवट्यावर व हवेशीर असावी."

बाबांकडे पाहिलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. ते माझ्यासमोर बसले नव्हते, बाजूला खांबाशी बसले होते, म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा लोकांचे चेहरे दिसत होते. मी म्हणाले, "फार वर्षांपूर्वी, चाळीस गावांच्या शिवा-हद्दी पाठ असलेला उकंडा नावाचा एक महार होता."

उकंडा हे आजोबांच्या भावाचं नाव. पोरं जगत नसली की झालेलं पोर उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचे, त्यावरून पडलेलं. तेच पहिल्यांदा तोंडात आलं. मग दोन गावांचं शिवेवरून भांडण आलं, साखळी घेऊन मोजणारा गोरा साहेब आला, दोन पाटलांचे दोन वेगळे कागद आले. शेवटी उकंडाला बोलावलं. साहेबाचा कारकून लिहू लागला, "एका महाराने सांगितले की." उकंडा तिथेच थांबला. म्हणाला, "आधी माहं नाव लिहा. पुरं, बापाच्या नावासकट. मंग सीव सांगतो." दुपार टळेपर्यंत तो जागचा हलला नाही. नाव लिहिलं तेव्हा तो अनवाणी चालत गेला आणि एका जागी म्हणाला, खणा. खाली शिवेची जुनी खूण म्हणून पुरलेला कोळसा आणि खापरं निघाली.

मी मध्येमध्ये पान उलटत होते. पान उलटायची जागा एकदाही चुकले नाही.

पुढच्या वर्षी बाबांनी पुन्हा तेच कोंबड्यांचं पुस्तक आणलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्यांना ओळखू येत नसणार. मी लोकांना "दुसरा भाग", "तिसरा भाग" म्हणून सांगितलं. एकाहत्तर साली मी यवतमाळला होस्टेलवर गेले तेव्हा हे थांबलं.

याला खोटं बोलणं म्हणतात. यापेक्षा कमी खोट्यासाठी मी मुलींना वर्गाबाहेर उभं केलं आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पेटी उघडली. एकूण एकोणीस पुस्तकं. वंदनेची पुस्तिका, दोन चरित्रं, कायद्याचं एक, बाराखडीची दोन, आणि "कुक्कुटपालन: किफायतशीर जोडधंदा" या पुस्तकाच्या तीन प्रती. सदाशिवराव मागे येऊन उभे राहिले होते.

"सासरेबुवा कोंबड्या पाळणार होते का हो?"

"नाही."

"मग तीन-तीन? मला आधी सांगितलं असतं तर पोस्टात कशाला गेलो असतो? खुराडं टाकलं असतं."

"भाजी आणायची आहे," मी म्हणाले. ते गेले. परत येताना अंडी घेऊन आले आणि स्वतःच हसत बसले.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन. शाळेने प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. विषय त्यांनीच दिला, "विद्यार्थ्यांच्या जीवनात सत्याचे स्थान." पंधरा मिनिटं बोलले. टाळ्या मिळाल्या. घरी येऊन पाणी प्यायले आणि थोडा वेळ पंख्याखाली बसले.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला.

"बाई, ओळखलं का? वर्षा राठोड. तांड्यावरची. धम्मरत्न सरांच्या पुस्तकाचं काम माझ्याकडं आहे."

ओळखलं. सातवीत होती. तांड्याबाहेर कधी गेली नव्हती आणि "मी पाहिलेला समुद्र" म्हणून दोन पानं निबंध लिहिला होता. मी तिला दोन तास उभं केलं होतं.

"बाई, तळटीपेशिवाय मी पान पुढं जाऊ देणार नाही. तुम्हीच शिकवलं, कुठून घेतलं ते लिहायचं."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग कधी देता?"

मुलींना इतकं चांगलं शिकवू नये.

रविवार, ७ सप्टेंबर

धम्मरत्नने तिसऱ्या प्रकरणाची प्रिंट काढून पाठवली. सकाळभर लाल पेन घेऊन वाचलं.

चांगलं लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत पण चांगलं लिहितो. सहा-सात वर्षांचा असताना तो आईच्या मांडीवर बसून ऐके, तेव्हाचं त्याने लिहिलं आहे: "आमच्या लोकांबद्दल काही छापलेलं असू शकतं, हे मला त्या पुस्तकाने शिकवलं. गावात आम्हाला हाकेचं नाव होतं, पुस्तकात पूर्ण नाव होतं. मी कवी झालो तो त्या छापील ओळींमुळे." नववीत मास्तर म्हणाले होते, तुमच्या लोकांना कसला आला इतिहास. तेव्हा हा उभा राहून म्हणाला, "छापलेला आहे, सर. माझ्या घरी आहे."

म्हणजे त्याने सगळं वजन "छापील" या एका शब्दावर टाकलं आहे. तो शब्द काढला तर त्याचं काय उरतं, हे मला सांगता येत नाही. न काढला तर तो लोकांना खोटं विकेल, आणि खोटं माझं असेल.

तथ्यांच्या चुकाही पुष्कळ. त्याने उकंडाला तीन मुलगे दिले आहेत. उकंडाला एकच मुलगी होती, सगुणा. ती बापाबरोबर शिवा पाठ करायला जाई. कारकुनाचं पागोटं लाल लिहिलं आहे, ते पिवळं होतं. सगळं खोडून समासात बरोबर लिहिलं. लेखकाने नीट चौकशी करून लिहायला हवं.

बुधवार, १० सप्टेंबर

आज दुसरं खोटं बोलले. फोनवर धम्मरत्नला सांगितलं, पेटीला वाळवी लागली होती, ते पुस्तक गेलं.

तो म्हणाला, "असू दे ताई. तू वाईट वाटून घेऊ नको. मी शोधतो."

हे मला अपेक्षित नव्हतं. त्याने "राजूर लाईन" नावाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं, उकंडाचं पुस्तक कोणाकडे आहे का. संध्याकाळपर्यंत चौदा जणांची उत्तरं आली. एकाला पुस्तक स्पष्ट आठवतं, निळ्या रंगाचं होतं. दुसरा म्हणतो हिरवं. एकाच्या मोठ्या भावाकडे होतं, वाचायला कोणीतरी नेलं ते परत दिलं नाही. एक निवृत्त तलाठी म्हणतात, त्यांनी ते यवतमाळच्या वाचनालयात हातात धरलं होतं, चित्रंसुद्धा होती.

धम्मरत्नला फार आनंद झाला आहे. म्हणतो, "पाह्य ताई, लोक विसरले नाहीत."

भाजी चिरताना सगुणा शिवेवर एकटी पडते तिथपासून पुढे काय होईल ते मनात येत होतं. वेळेचा नुसता अपव्यय. दोडका जाड चिरला गेला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आता नलूचा फोन. लाईनीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायची, आता मारेगावजवळ मुलाकडे असते. मुलगा सरपंच आहे.

"साधना, अवो तुह्या उकंडाचा दगड सापडला!"

"कुठे?"

"आमच्याच शिवेवर! म्या नातवाईले गोष्ट सांगतली, तं पोट्टे म्हनते तो दगड तं आपल्या नाल्याच्या काठी हाय. पोरानं चुना लावला. आता पाटी लावून राह्यला. उद्घाटनाले तू ये, पुस्तक घेऊन ये."

"नलू, पाटी लावू नका."

"काहून?"

"नंतर सांगते."

"तुह्यं नेहमीचंच. साऱ्या लाईनीले गोष्ट सांगून रडवलं अन् शेवट सांगाले हे गेली होस्टेलले."

फोन ठेवला. अकरा वर्षांच्या मुलीने तोंडातून काढलेली गोष्ट आता चुना लावलेल्या दगडापर्यंत गेली. धम्मरत्नला सांगायलाच हवं. आठ दिवस उरले आहेत. त्याला फोनवर सांगायचं नाही, समोर बसवून सांगायचं, एवढं ठरवलं. कसं सांगायचं ते ठरत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

आधी आईला सांगावं असं ठरवलं. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. कान शाबूत, दात तीन, जीभ पूर्ण. ती अंगणात बरबटीच्या शेंगा मोडत बसली होती. मी समोर बसले आणि सरळ म्हणाले, "आई, ते उकंडाचं पुस्तक उकंडाचं नव्हतं. कोंबड्यांचं होतं. मी मनाने सांगत होते."

तिने शेंग मोडली, कीड पाहिली, फेकली.

"मंग?"

"मंग काय? मी बाबांना फसवलं."

"तुह्या बापाले दुसऱ्याच वर्षी ठाऊक झालं, पोरी."

आई माझ्याकडे न पाहता बोलत होती.

"दुसऱ्या साली तो पुस्तक घेऊन दुकानवाल्याकडे गेला. म्हने, याचा पुढचा भाग द्या. दुकानवाला हासला. म्हने, काका, हे तं कोंबड्याईचं पुस्तक हाय, याच्यात कायचा पुढचा भाग? याले पटेना. याच्या जवळून वाचून घेतलं, त्याच्या जवळून वाचून घेतलं. तिघाईनं वाचलं. कोंबड्याच."

"मग?"

"मंग काय! घरी आला अन् मले म्हने, रुखमा, चूप राह्यजो. पोरगी आपल्या मनानं सांगून राह्यली. आपन बोललो तं बंद पडन."

"अगं पण मग तेच पुस्तक परत का आणलं? आणि परत का?"

"अवो शिकेल बाई, एवढं समजत नाई तुले? हाती पुस्तक नसतं तं लाईनीतल्या लोकाईनं पोट्टीचं ऐकलं असतं का? अन् दुसरं आनलं असतं, तं तू तेच वाचत बसली असती."

मग तिने टोपली माझ्यापुढे सरकवली. "मोड थोड्या. बसली कायले?"

सोमवार, १५ सप्टेंबर

काल रात्रीपासून राग येतो आहे. सत्तावन्न वर्षं मी एका निरक्षर माणसाला फसवल्याचं ओझं बाळगलं आणि तो माणूस खांबाशी बसून सगळं ओळखून होता. हे त्यांनी मला सांगायला हवं होतं. मुलांना गोष्टी वेळेवर सांगितल्या पाहिजेत. मी बी.ए. झाले तेव्हा सांगता आलं असतं. नोकरी लागली तेव्हा सांगता आलं असतं. त्या वेळी ते फक्त म्हणाले होते, "पोरीईले चांगलं सांगत जा." मी समजले, चांगलं शिकवत जा.

आमटीत दोनदा मीठ पडलं. सदाशिवरावांनी काही न बोलता जेवून घेतलं, म्हणजे माझा चेहरा बरा नसावा.

धम्मरत्नला फोन केला. "बुधवारी ये. महत्त्वाचं आहे."

"पुस्तक सापडलं?"

"ये."

बुधवार, १७ सप्टेंबर

दहाच्या बसने आला. येताना आईला संत्राबर्फी, मला पेन. चहा झाल्यावर त्याला अंगणात खुर्चीवर बसवलं, तिन्ही कोंबड्यांची पुस्तकं समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुढे सांगितलं नसतं.

त्याने एक प्रत उघडली. पहिलं पान वाचलं. खुराडं, उंचवटा, हवेशीर जागा.

"म्हणजे छापील नव्हतं."

"नव्हतं."

"ताई, मी नवव्या वर्गात मास्तरशी भांडलो याच्या भरवशावर! सगळ्या वर्गासमोर. आमचं छापलेलं आहे म्हणून! मले शाळेतून काढलं असतं तं?"

"चांगलं भांडलास."

"चांगलं? अन् आतापर्यंत प्रत्येक भाषणात सांगितलं मी! तू समोर बसून ऐकत होती, टाळ्या वाजवत होती!" त्याचा आवाज चढला. "दुसऱ्याईच्या पोरीईले खोट्यासाठी उभं करत होती तू. मास्तरीण!"

तो उठला आणि फाटकाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. आतून सदाशिवराव आले.

"म्हणजे त्या तीन प्रती त्यासाठी..."

"तुम्ही चहा ठेवा."

"आत्ताच झाला."

"परत ठेवा."

धम्मरत्न तिथूनच, वळून न पाहता म्हणाला, "अन् ते 'आधी माहं नाव लिहा'? ते कुठून आणलं? अकरा वर्षांच्या पोरीले असं सुचत नाही."

"ते सुचलं नव्हतं. ते पाहिलं होतं. हजेरीच्या खिडकीवर."

तेव्हा तो वळला.

मी सांगितलं. सकाळच्या पाळीला मी बाबांचा डबा घेऊन खाणीवर जात असे. हजेरीबाबू सगळ्यांना नाव तोडून हाक मारी. बाबांचं नाव वहीत नुसतं "देव्या" लिहिलेलं होतं. त्या दिवशी नवी वही सुरू झाली होती. बाबूने वही फिरवली, शाई पुढे केली. बाबांनी विचारलं, काय लिहिलं? तो म्हणाला, देव्या. बाबा म्हणाले, "देवराव सखाराम नगराळे लिहा. मंग अंगठा देतो." बाबू ओरडला, पाळी चुकेल म्हणाला, मुकादमाला बोलावलं. बाबा खिडकीशी उभे. मागे पन्नास माणसांची रांग थांबलेली, आणि एकानेही "चल ना बे" म्हटलं नाही. भोंगा वाजून गेला. मग बाबूने लिहिलं. बाबांनी मागच्याला विचारलं, बरोबर लिहिलं का? त्याला थोडं वाचता येत होतं, तो "हो" म्हणाला, तेव्हा अंगठा दिला. मागच्या माणसानेही मग पुरं नाव सांगितलं. त्याच्या मागच्यानेही.

"डबा घेताना बाबा मला म्हणाले, घरी सांगू नको, माय घाबरन. मी घरी सांगितलं नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी उकंडाच्या तोंडी घातलं."

"मले ठाऊकच नाई हे!" आई ओट्यावरून ओरडली. "तो मानूस माह्यापासून लपवत होता? अन् तूबी?"

धम्मरत्न परत येऊन खुर्चीवर बसला. नाक ओढत होता, डोळे लाल झाले होते. नागपूरची हवा त्याला मानवत नाही, सर्दी झालेली दिसते. सदाशिवरावांना चहात आलं घालायला सांगितलं.

चहा घेताना तो म्हणाला, "सगळं प्रकरण बदलावं लागेल."

"हो."

"बाबा खांबाशी बसून लोकांचे चेहरे पाहत होते, हे मी लिहू?"

"ते खरं आहे. लिही."

"अन् सगुणेचं काय झालं?"

"काय?"

"उकंडा मेल्यावर ती एकटी शिवेवर उभी राहते, समोरून घोड्यावर दोन माणसं येतात. तिथं सोडून तू होस्टेलले गेली. मी चौथीत होतो. पुढच्या दसऱ्याला बाबांच्या मागं लागलो, चौथा भाग आणा. बाबा म्हणाले, ताई सुट्टीत येईन तवा येईन. तू सुट्टीत आली अन् मले पाढे म्हणायला लावले."

"चौथा भाग नव्हताच."

"ते समजलं आता. मी विचारतो, काय झालं?"

मला असल्या गोष्टींना वेळ नाही, असं सांगितलं.

दुपारी वर्षाला फोन करून खरं काय ते कळवलं. ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला.

"बाई! समुद्र!"

"हो. तुला उभं केलं ते चुकलं."

"नाही बाई, निबंध वाईटच होता. आता ऐका. तळटीपेत हे मावणार नाही. तुम्ही दोन पानं लिहा, काय झालं ते. तुमच्या शब्दांत, तुमच्या सहीने. परवापर्यंत. आणि उपदेश नको."

गुरुवार, १८ सप्टेंबर

पाचला उठून लिहायला बसले. वर्षाची दोन पानं सहापर्यंत झाली. तिला फोटो काढून पाठवली. नऊला उत्तर आलं: "बाई, दुसऱ्या पानावर 'विद्यार्थ्यांनी यावरून शिकावे' पासून तीन ओळी काढल्या. चालेल ना?" चालेल म्हणाले. त्या ओळी चांगल्या होत्या.

नलूला खरं सांगितलं. ती म्हणाली, "दगड तं हाय न? सीवबी हाय. तो दगड कोनीतरी गाडलाच असन न बाई, आपोआप तं नाई आला. उकंडा नसन, दुसरा कोनी असन." पाटीवर काय लिहायचं ते मी सांगितलं: "या गावाच्या शिवा ज्यांनी पाठ ठेवल्या, त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत." मुलाला विचारते म्हणाली. उद्घाटनाला तरी यायचंच आहे, पुरणपोळी आहे.

पहाटे वर्षाची पानं झाल्यावर हात थांबला नाही, तेव्हा कोऱ्या पानावर सगुणेचं सुरू केलं होतं. सकाळी फोन, उत्तरं, स्वयंपाक. दुपारी परत बसले. घोड्यावरचे दोघे कोण ते मला सत्तर सालापासून माहीत होतं की आज सुचलं, ते सांगता येत नाही. सदाशिवरावांनी जेवण वाढून घेतलं, माझंही झाकून ठेवलं आणि दाराशी येऊन म्हणाले, "हेडमास्तरीणबाई, कोंबड्यांचं चाललंय का?" मी मान वर केली नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत पुरं झालं. बावीस पानं. धम्मरत्न दिवसभर आईजवळ बसून हजेरीच्या खिडकीबद्दल तिचे टोमणे ऐकत होता आणि दर तासाला माझ्या खोलीत डोकावत होता. त्याला बाहेर काढलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज सकाळी साडेअकरा वाजता बाभुळगाव बसस्थानकावर धम्मरत्न देवराव नगराळे यांच्या हाती दिलं ते असं. तिसऱ्या प्रकरणाची तपासलेली प्रत, लाल पेनाच्या दुरुस्त्यांसह. पागोट्याचा रंग पिवळा केला आहे, तो तसाच ठेवावा अशी तोंडी सूचना दिली. माझं दोन पानांचं निवेदन, सहीसह, वर्षा राठोड यांच्याकडे द्यायला. कुक्कुटपालनाची एक प्रत, फोटो काढून परत करण्याच्या बोलीवर. आणि सगुणेची गोष्ट, हाताने लिहिलेली, बावीस पानं, दोन्ही बाजूंनी, पानांना क्रमांक घातलेले. ही छापण्यासाठी नाही, फक्त त्याने वाचण्यासाठी आहे, हे स्पष्ट सांगितलं. त्याने "पाहतो" म्हटलं. चार वस्तू मिळाल्याची पोच त्याच्याकडून याच वहीत मागच्या पानावर सही करून घेतली.

बस पावणेबाराला सुटली. मी खिडकीखाली उभी होते. हात हलवला. त्याने मान वर केली नाही. तेव्हा तो नवव्या पानावर होता.